शब्दाला किती?

मराठीत ऑनलाइन लेखन करून घर चालते का, असे विचारणारे हल्ली बरेच भेटतात. त्यांत नुकतेच एम.ए. झालेले असतात, मूल लहान म्हणून नोकरी सोडलेल्या बायका असतात, आवृत्ती बंद पडल्यामुळे घरी बसलेले उपसंपादक असतात, निवृत्त शिक्षक असतात. जवळजवळ सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो : शब्दाला किती मिळतात? प्रश्न रास्त आहे, पैशांचे बोलायला संकोच वाटूच नये. पण त्याच्या आधी आणखी एक प्रश्न येतो : तुम्ही कशाबद्दल लिहिणार? ज्याच्याकडे याचे नेमके उत्तर आहे तो भाव मागू शकतो. ‘कशाबद्दलही लिहीन’ म्हणणाऱ्याला समोरचा देईल तो भाव घ्यावा लागतो, आणि आता तर तोही मिळेनासा झाला आहे. या व्यवसायाकडे पाहताना माझा सगळा रोख याच गोष्टीवर आहे.

मागणी आहे. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते. हिंदी आणि बंगालीनंतरची ही देशातली तिसरी भाषा. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि इंग्रजी पान उघडण्याची गरज किंवा इच्छा नसलेले असंख्य लोक फोनवर वाचू लागले. त्यांच्यापर्यंत पोचायचे तर त्यांच्या भाषेत बोलणे आले. २०१७च्या ऑक्टोबरात बीबीसी मराठी सुरू झाले, नोव्हेंबरात ऑडिओ पुस्तकांचे स्टोरीटेल भारतात आले तेच मराठी पुस्तके घेऊन. २०२०मध्ये मनसेने ॲमेझॉन आणि फ्लिपकार्टकडे मराठीचा आग्रह धरला. २०२१मध्ये दोन्ही ठिकाणी मराठीतून खरेदी करता येऊ लागली. अशा प्रत्येक घटनेमागे कुणीतरी बसून मराठी मजकूर लिहिलेला किंवा तपासलेला असतो.

त्याआधी मराठीत ऑनलाइन लेखन नव्हते असे नाही. मायबोली हे संकेतस्थळ १९९६पासून आहे. पुढे मनोगत, मिसळपाव, ऐसी अक्षरे आली. तिथे लोकांनी हौसेने, एक पैसा न घेता लिहिले आणि मराठी गद्याला मोकळे, बोलके वळण लावले. आपल्या भाषेवर त्यांचे मोठे उपकार आहेत. मात्र तिथे पैशांचा संबंधच नसल्याने भाव, करार, हक्क या गोष्टी बोलण्याची सवय आपल्याला लागली नाही. व्यवसायात नव्याने येणाऱ्याला आजही ती जड जाते.

काम कुठे असते? वृत्तपत्रांच्या डिजिटल विभागांत सर्वाधिक दिसते, पण तिथले बरेचसे काम पगारी माणसे शिफ्टमध्ये करतात आणि बाहेरच्या लेखकाला मिळते ते थोडे. खरे काम कमी दिसणाऱ्या जागी आहे. बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड यांना ग्राहकासाठी मराठीत माहितीपर मजकूर लागतो. बियाणे, खते, ठिबक सिंचन आणि कीटकनाशकांच्या कंपन्यांना शेतकऱ्यासाठी पत्रके, व्हिडिओच्या संहिता, व्हॉट्सॲपवर पाठवायचे संदेश लागतात. रुग्णालयांना आजारांची माहिती सोप्या भाषेत हवी असते. ॲपमधली बटणे, सूचना आणि मदतीची पाने मराठीत आणण्याचे काम म्हणजे लोकलायझेशन. ते बहुतेक भाषांतर संस्थांमार्फत येते. यूट्यूबच्या संहिता, पॉडकास्ट, ऑडिओ मालिका, उपशीर्षके यांचा एक वेगळा प्रांत आहे. २०१४मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या प्रतिलिपीवर कथामालिका लिहून वाचकांच्या सदस्यत्वातून पैसे मिळवणारे लेखक आहेत. मात्र तिथे रोजच्या रोज नवा भाग देण्याचा दम लागतो. आणि अलीकडे एक नवेच काम आले आहे : भाषेच्या मॉडेलांनी दिलेली मराठी उत्तरे तपासणे, सुधारणे, त्यांची प्रत ठरवणे. ते तासाच्या हिशेबाने मिळते, पैसे बरे असतात, पण काम अचानक येते तसे अचानक थांबते. त्यावर घरभाड्याचा भरवसा ठेवू नये.

महाराष्ट्रात आणखी एक मोठा ग्राहक आहे, तो म्हणजे राजकारण. नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांची समाजमाध्यमावरची पाने कुणीतरी चालवते. वाढदिवस, जयंती, भूमिपूजन, विरोधकाला उत्तर, सगळे लिहून द्यावे लागते. निवडणुकीच्या दिवसांत हे काम ओसंडून वाहते. ते करावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे मत असे की कामाचा अहवाल, योजनांची माहिती, भाषण लिहून देण्यात काही गैर नाही, पण खोट्या नावांच्या खात्यांवरून लिहायला सांगितले तर तिथेच थांबावे. आणि करायचेच असेल तर पैसे आगाऊ घ्यावेत. निकालानंतर हरलेला उमेदवार भेटत नाही आणि जिंकलेल्याला वेळ नसतो.

आता यंत्राविषयी. गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठी मे २०१३मध्ये आली तेव्हा तिच्या भाषांतरांनी कुणाच्या पोटावर पाय येईल असे वाटत नव्हते. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले आणि चित्र पालटले. त्याआधीची काही वर्षे ‘कंटेंट रायटर पाहिजे’ या जाहिरातींमागे जे काम असायचे, म्हणजे इंग्रजीतली पाच पाने वाचून सहावे पान मराठीत तयार करणे, ते यंत्र आता काही सेकंदांत करते. या कामातून मिळणारे पैसे कमीच होते, पण नवशिक्याचा हात तिथे बसत असे. ती पायरीच निघाली आहे.

गूगलचे धोरणही समजून घेतले पाहिजे, कारण निम्मे ग्राहक गूगलवर वर यायचे म्हणूनच लेख मागतात. फेब्रुवारी २०११च्या ‘पांडा’ बदलाने घाऊक लेख पाडणाऱ्या संकेतस्थळांना पहिला मोठा दणका दिला. ऑगस्ट २०२२मध्ये वाचकाला उपयोगी पडणाऱ्या मजकुराला झुकते माप देण्याचा बदल आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मजकुराचा दर्जा जोखण्याच्या मार्गदर्शक सूचनांत लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव हा निकष जोडला गेला. मार्च २०२४मध्ये केवळ क्रमवारीसाठी घाऊक तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, स्पॅम म्हणून धरला जाईल असे जाहीर झाले. ऑगस्ट २०२४मध्ये भारतात शोधाच्या उत्तरांवर एआयने केलेला सारांश दिसू लागला. ‘अमुक म्हणजे काय’ या प्रश्नाचे उत्तर वरच मिळाले की खालचे पान उघडायचे कारण उरत नाही. त्यामुळे व्याख्या सांगणाऱ्या, सर्वांना ठाऊक असलेले पुन्हा सांगणाऱ्या लेखांची किंमत घटली आहे. याउलट ज्याने ते काम केले आहे, पाहिले आहे, कुणाला विचारून घेतले आहे, त्याच्या लेखाला अजून जागा आहे.

म्हणजे नेमके काय, ते एका कामावरून पाहू. जमीनविषयक सल्ला देणारी एखादी संस्था ८०० शब्दांचा लेख मागते : ‘वारस नोंद कशी करावी’. काहीच ठाऊक नसलेला लेखक आणि यंत्र साधारण एकसारखे लिहितात. वारस नोंद ही एक महत्त्वाची प्रक्रिया आहे, तिचे पाच फायदे आहेत, त्यासाठी आवश्यक कागदपत्रे गोळा करा, संबंधित कार्यालयात अर्ज द्या. हे वाचून कुणाचीही नोंद होत नाही.

गावाकडचा फेरफार जवळून पाहिलेला लेखक वेगळीकडून सुरुवात करतो. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचे असते, हे तो पहिल्या परिच्छेदात सांगतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, हेही सांगतो, कारण कार्यालयाच्या पाटीवर वाचकाला हेच नाव दिसणार आहे. अर्ज आधी गाव नमुना ६-क म्हणजे वारस प्रकरणांच्या नोंदवहीत जातो, वारसांची खात्री झाल्यावर नमुना ६मध्ये फेरफार पडतो, मग नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबारावर नावे चढतात. खटके कुठे उडतात हेही त्याला ठाऊक असते. बहिणींची नावे लावायची का, हा घराघरातला प्रश्न. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले, केंद्राने २००५मध्ये कायदा बदलला आणि ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हा बदल झाला तेव्हा वडील हयात असण्या-नसण्याचा घोळही मिटवला. बहिणीला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागते. साध्या कागदावरची सही पुरत नाही. सातबारावर नाव लागले म्हणजे मालकी सिद्ध झाली असेही नाही, ती महसुलासाठीची नोंद असते. आणि जुने लेख जसेच्या तसे उचलून चालत नाही : ऑक्टोबर २०२४मध्ये महाराष्ट्रात १०० रुपयांच्या मुद्रांकाची अनेक कामे ५०० रुपयांवर गेली, तेव्हा त्याआधीचे कितीतरी लेख एका दिवसात चुकीचे ठरले.

असा लेख लिहायला कायद्याची पदवी लागत नाही. एक वाक्य बरोबर आहे की नाही हे कुणाला विचारायचे, एवढे ठाऊक असावे लागते. म्हणूनच मी म्हणतो की तलाठी कार्यालयात पंचवीस वर्षे काढलेला माणूस किंवा एखाद्या वकिलाकडे टंकलेखन करणारी बाई या व्यवसायात साहित्याच्या पदवीधरापेक्षा लवकर उभी राहू शकते. तासगावच्या बेदाण्याचा व्यवहार माहीत असणारा, इचलकरंजीचा यंत्रमाग पाहिलेला, आशा सेविकेचे काम केलेली, पतपेढीत कर्जे तपासलेला, कोकणात घरगुती पर्यटन चालवणारा, या प्रत्येकाकडे यंत्राला सहज न मिळणारी माहिती आहे. तिची वाक्ये करायला शिकता येते. उलट दिशेने जाणे फार अवघड.

आता शब्दाला किती, याकडे येऊ. वरचा वारस नोंदीचा लेख नीट लिहायला किती वेळ लागेल? वाचन, दोन-तीन फोन, लेखन, मथळे, तपासणी, ग्राहकाने सुचवलेल्या दुरुस्त्या, असे धरून दीड दिवस. शब्दाला २५ पैसे दर असेल तर ८०० शब्दांचे २०० रुपये होतात. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे दीड दिवस अभ्यास करून लिहिणाऱ्याला एका दिवसाच्या खोदकामाच्या मजुरीपेक्षाही कमी मिळतात. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः कागदावर मांडावा, कारण ‘सुरुवातीला थोडे कमी घ्या, नंतर वाढवू’ हे वाक्य ऐकताना तो डोळ्यांसमोर असायला हवा.

हिशेब उलट्या बाजूने करावा. महिन्याला ३० हजार हवेत असे धरा. पंचवीस कामाच्या दिवसांतले दहा तरी काम शोधण्यात, बोलण्यात, बिले पाठवण्यात, पैशांचा पाठपुरावा करण्यात जातात. उरलेल्या पंधरा दिवसांत ३० हजार, म्हणजे दिवसाला दोन हजार. दीड दिवसाच्या लेखाचे तीन हजार, म्हणजे शब्दाला पावणेचार रुपये. मराठीत हा दर ऐकून अनेक एजन्सी फोन ठेवतील. पण ज्या संस्थेला त्या एका लेखातून चार ग्राहक मिळणार आहेत तिला तीन हजार जड नाहीत. म्हणून दर शब्दावर न सांगता कामावर सांगावा : या लेखाचे इतके, त्यात माहिती गोळा करणे आणि दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. शब्दावर भाव लावला की लांबण लावणाऱ्याला जास्त आणि नेमके लिहिणाऱ्याला कमी मिळते. भाषांतरात मात्र मूळ मजकुराच्या शब्दांवर दर लावण्याची जुनी पद्धत आहे आणि ती ठीक आहे. यंत्राने केलेले भाषांतर सुधारायचे असेल तर तासावर जावे, कारण काही यंत्रभाषांतरे सुधारण्यापेक्षा नव्याने करणे लवकर होते आणि तसे आहे की नाही ते मजकूर हाती आल्याशिवाय कळत नाही.

हत्यारे फारशी लागत नाहीत, पण जी लागतात ती चांगली हवीत. पहिले म्हणजे युनिकोडमध्ये सफाईने टंकन. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी या जुन्या फाँटांत वर्षानुवर्षे काम केलेले अनेक चांगले लेखक आणि डीटीपीवाले ऑनलाइन कामाला इथेच अडतात. त्या फाँटांतला मजकूर दुसऱ्या संगणकावर किंवा वेबपानावर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकायला थोडे दिवस जातात, पण हात बसला की वेग आणि अचूकता दोन्ही मिळतात. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याची सोय सोपी आहे, पण लांब कामात ती दमवते. बारकावे माहीत असावेत. ‘ॲप’मधला ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, दुसरा ‘अ’ला चंद्र जोडून. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ही दोन प्रकारे साठतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण पन्नास पानांच्या फाइलमध्ये एक शोधला तर दुसरा निसटतो, आणि लोकलायझेशनच्या कामात अशा विसंगतीमुळे पूर्ण फाइल परत येते. एकच पद्धत ठरवून तिला धरून राहावे.

दुसरे, शुद्धलेखन. शासनमान्य नियम अठरा आहेत; चौदा १९६२चे, चार १९७२चे. ते दोन संध्याकाळी वाचून होतात. मो. रा. वाळंबे यांचे ‘मराठी शुद्धलेखन प्रदीप’, अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ आणि यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ यांतले एक तरी हाताशी असावे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत. कायदा, बँकिंग, शेतीच्या कामात ते रोज लागतात. तरी कोशातला शब्द आणि गावातला शब्द यांत वाचकाला समजेल तो घ्यावा. शेतकऱ्याला ‘पर्णगुच्छ’ हे रोगाचे नाव कळत नसेल आणि तो ‘बोकड्या’ म्हणत असेल, तर लेखात बोकड्या आलाच पाहिजे. शोधही तो त्याच शब्दाने घेणार आहे. ज्याला एसईओ म्हणतात त्याचा निम्मा भाग एवढाच आहे, की वाचक कोणत्या शब्दांत विचारतो ते ठाऊक असणे. उरलेला निम्मा, म्हणजे मथळा, उपमथळे, पानाचे वर्णन, दुवे, महिनाभरात शिकून होतो. त्यासाठी हजारो रुपयांचे कोर्स घेण्याची गरज नाही.

नमुन्यांबाबत एकच आग्रह : तीन पुरेत, पण तिन्ही एकाच क्षेत्रातले हवेत. कविता, पाककृती आणि शेअर बाजार असे तीन नमुने पाठवणाऱ्याबद्दल ग्राहकाला काहीच कळत नाही. नमुने कुणी छापायची वाट पाहू नये; स्वतःचे साधे पान करून तिथे ठेवावेत. पुढे दुसऱ्याच्या नावाने लिहायचे काम मिळाले तर निदान खासगीत नमुना म्हणून दाखवायची परवानगी आधीच मागून ठेवावी, नाहीतर पाच वर्षे काम करूनही दाखवायला हातात काही राहत नाही. ग्राहक कधी कधी ‘हे एआयने लिहिले आहे’ असा आरोप करतात. मजकूर यंत्राचा आहे की माणसाचा हे ओळखण्याचा दावा करणारी साधने भरवशाची नाहीत. आपल्या कच्च्या प्रती आणि टिपणे तारखेसह जपून ठेवणे हाच त्यावर खरा पुरावा. आणि यंत्राची मदत घेत असाल तर कशासाठी घेता ते ग्राहकाला आधीच सांगावे. लपवून केलेले काम एकदा उघडे पडले की त्या ग्राहकासह त्याच्या ओळखीतले सगळे जातात.

काम शोधायचा सर्वांत चांगला मार्ग मला थेट वाटतो. आपल्या क्षेत्रातल्या दहा संस्थांची मराठी पाने वाचावीत. जिथे मजकूर कच्चा आहे तिथला एक परिच्छेद सुधारून, काय बदलले आणि का ते दोन ओळींत लिहून, त्या विभागाच्या माणसाला पाठवावा. दहातले आठ उत्तर देत नाहीत असे धरून चालावे. अपवर्क, फायव्हर यांसारख्या ठिकाणी जगभरातली कामे असतात. पण फायव्हर कमाईतले २० टक्के कापते, अपवर्क मे २०२५पासून कामानुसार १५ टक्क्यांपर्यंत घेते, आणि तिथे स्पर्धा भावावर चालते. इंग्रजीत चांगले लिहिणाऱ्या मराठी माणसाला तिथे मराठी लेखनापेक्षा जास्त मिळू शकते, हेही खरे आहे. भाषांतराकडे जायचे असेल तर १९९९पासून चालत आलेले प्रोझ हे संकेतस्थळ पाहावे. तिथे संस्थांनी पैसे वेळेवर दिले की नाही हे अनुवादकांनी नोंदवून ठेवलेले असते, आणि हे फार मोलाचे आहे.

‘घरबसल्या टायपिंग’च्या जाहिरातींपासून मात्र लांब राहावे. नोंदणी शुल्क भरायला सांगणारे काम हे काम नसते. यातला एक प्रकार अधिक क्रूर आहे : आधी कराराच्या कागदावर सही घेतात, मग टंकलेल्या पानांत चुका काढतात, आणि नुकसानभरपाई भरा नाहीतर कोर्टात खेचू अशा वकिली भाषेतल्या नोटिसा पाठवतात. घाबरून लोक पैसे भरतात, बहुतेक वेळा घरात कुणाला न सांगता. भरू नयेत. सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे, तिथे तक्रार करावी.

आता कागदपत्रे, ज्यांच्याकडे लेखक सर्वांत कमी लक्ष देतात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला मालक लेखकच असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते, पण स्वतंत्र लेखकाने पैसे घेतले एवढ्याने हक्क जात नाहीत. हक्क देण्यासाठी सही केलेला लेखी कागद लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क देऊन टाकल्यावरही, हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा लेखकाचा हक्क कलम ५७ने राखून ठेवला आहे. व्यवहारात ग्राहकाला सगळे हक्क हवे असतात आणि माहितीपर लेखासाठी ते द्यायला हरकत नसते. पण कथा, ऑडिओ मालिका, पात्रे यांच्याबाबत सही करण्यापूर्वी दोनदा वाचावे : चित्रपटाचे हक्क, दुसऱ्या भाषेतले हक्क, यंत्राला शिकवण्यासाठी वापरण्याचे हक्क, हे सगळे एका ओळीत निघून जाऊ शकतात.

पैसे अडकणे हा या व्यवसायातला रोजचा ताप. नव्या ग्राहकाकडून निम्मे आगाऊ घ्यावेत. नाही म्हणाला तर पहिले काम लहान ठेवावे. त्यापुढे एक कायदा लेखकाच्या बाजूने आहे, त्याचा वापर जवळजवळ कुणी करत नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२०पासून ऑनलाइन, फुकट होते आणि सेवा देणारा एकटा माणूसही स्वतःला सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदवू शकतो. नोंदणी झालेल्याला २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार करार नसेल तर पंधरा आणि असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते, आणि सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. एप्रिल २०२४पासून आयकराचीही जोड मिळाली : मुदतीत पैसे दिले नाहीत तर ग्राहक कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्याच वर्षी दाखवता येतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की मोठ्या कंपनीचा लेखा विभाग पुष्कळदा तक्रारीची वेळ येऊ देत नाही. नोंदणी काम सुरू करण्यापूर्वी करून ठेवावी, बिल अडकल्यावर नव्हे.

कराचे थोडक्यात. एका ग्राहकाकडून वर्षात ५० हजारांपेक्षा जास्त व्यावसायिक शुल्क मिळाले तर तो १० टक्के टीडीएस कापतो. ही मर्यादा मार्च २०२५पर्यंत ३० हजार होती. कापलेली रक्कम आपलीच असते, विवरणपत्र भरले की कर लागत नसल्यास परत मिळते. कितीतरी नवे लेखक विवरणपत्रच भरत नाहीत आणि ती सोडून देतात. जीएसटीची नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते, त्यामुळे सुरुवातीला कुणी जीएसटी क्रमांकासाठी अडवले तर त्याला हे सांगता आले पाहिजे. परदेशातून पैसे येत असतील तर बँकेकडून आवकेचा दाखला दर वेळी मागून ठेवावा.

एक उणीव राहते, ती एकट्याने भरून निघणारी नाही. मुंबईत पटकथालेखकांची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. ती संहिता नोंदवून घेते, निर्मात्याशी वाद झाला तर तिची समिती मध्ये पडते, करार कसा असावा हे ती सदस्याला सांगते. मराठीत ऑनलाइन लिहिणाऱ्यांमागे असे काही उभे नाही. त्यामुळे नागपूरच्या लेखकाला ठाऊक नसते की तेच काम पुण्यात कितीला जाते, आणि कोणती एजन्सी पैसे बुडवते हे आपले पैसे बुडाल्यावरच कळते. संस्था उभी राहायला वेळ लागेल. तोवर एका क्षेत्रात लिहिणाऱ्या सात-आठ जणांनी आपापले दर, करारातली कलमे आणि ग्राहकांचा अनुभव एकमेकांना मोकळेपणाने सांगायला सुरुवात करावी. त्यात पहिला पुढाकार अनुभवी लेखकांनी घ्यायला हवा, कारण नव्या माणसाने कमी दर सांगितला की तो दर पुढे त्यांनाही ऐकवला जातो.